दोघांत एक कॉल: हौशी क्रिकेटमधल्या रनआऊटबद्दल

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. संघात विशीतल्या मुलांपासून पन्नाशीच्या दादांपर्यंत सगळे आहेत. जवळजवळ प्रत्येक सामन्यात दोन-तीन जण रनआऊट होतात. म्हणून सरावात स्प्रिंट सुरू केल्या, दम वाढला, पण रनआऊट काही कमी झाले नाहीत. मग पळायचं की नाही हा कॉल नेमका कोणी द्यायचा? आणि सलामीच्या दादांचा गुडघा दुखरा आहे, त्यांना रनर, म्हणजे त्यांच्या वतीने पळणारा, घेता येईल का? रनरचं शेवटी सांगतो, कारण त्याचं उत्तर सरळ आहे. बाकीचं तेवढं सरळ नाही.

मी बरीच वर्षं हौशी संघांतून खेळलो. आता खेळण्यापेक्षा मुलांना शिकवणं आणि स्कोअर लिहायला बसणं जास्त होतं. स्कोअरबुकात ‘रनआऊट’ एवढंच लिहिलं जातं, पण त्यात दोन अगदी वेगळे प्रकार एकत्र कोंबलेले असतात. पहिल्या प्रकारात दोघंही जीव तोडून पळाले, फील्डरने थ्रो अचूक मारला आणि फलंदाज वीतभर कमी पडला. दुसऱ्या प्रकारात एक निघाला, दुसरा जागचा हललाच नाही, पहिला अर्ध्यातून वळला आणि मेला. किंवा दोघंही एकाच टोकाला पोहोचून एकमेकांची तोंडं बघत उभे राहिले. पुढच्या काही सामन्यांत प्रत्येक रनआऊटपुढे तो कोणत्या प्रकारचा होता याची खूण करून ठेवा. तुमचा संघ मी पाहिलेला नाही, पण हौशी क्रिकेटमध्ये दुसरा प्रकार किती तरी जास्त असतो. स्प्रिंट हा पहिल्या प्रकारावरचा इलाज आहे. तुम्ही भलत्याच दुखण्यावर औषध घेत होतात.

आता हे मी का म्हणतो, ते जरा हिशेबाने बघू.

आपण बावीस यार्ड पळतो असं सगळेच म्हणतात. बावीस यार्ड, म्हणजे २०.१२ मीटर, हे स्टंपपासून स्टंपपर्यंतचं अंतर. पॉपिंग क्रीझ, म्हणजे जिच्या मागे पोहोचलं की फलंदाज सुरक्षित ती रेषा, स्टंपच्या रेषेपासून १.२२ मीटर पुढे असते. ती दोन्हीकडून वजा केली की क्रीझ ते क्रीझ १७.६८ मीटर राहतात. त्यात शेवटी बॅट पुढे टाकायची असते आणि नॉन-स्ट्रायकर, म्हणजे गोलंदाजाच्या टोकाला उभा असलेला जोडीदार, दोन-तीन पावलं आधीच पुढे आलेला असतो. पॅड बांधलेला साधारण तब्येतीचा माणूस हे अंतर उभ्यापासून सुरुवात करून साडेतीन सेकंदांच्या आसपास कापतो. मोबाइलच्या स्टॉपवॉचवर तुमच्या प्रत्येकाची वेळ एकदा लावून बघा. आपल्याला वाटतं तेवढा फरक विशीच्या आणि चाळिशीच्या माणसात एका धावेत पडत नाही.

त्याच वेळात समोरच्यांना काय काय करायचं असतं? कव्हरला वीसेक मीटरवर फील्डर आहे. हलक्या हाताने ढकललेला चेंडू त्याच्यापर्यंत जायला सेकंद-दीड सेकंद. वाकून उचलून हात मागे नेऊन फेकायला आणखी सेकंदभर. चेंडू हवेतून यायला जवळपास तेवढाच वेळ. मग डायरेक्ट हिट नसेल तर कुणी तरी स्टंपजवळ येऊन तो नीट पकडून बेल्स पाडायच्या. म्हणजे सगळं बिनचूक झालं तरी मामला बरोबरीचा. आणि हौशी क्रिकेटमध्ये सगळं बिनचूक कधी होतं? चेंडू पहिल्यांदा हातात बसत नाही, थ्रो डोक्यावरून जातो, किपर अजून स्टंपकडे चालतच येत असतो. पूर्ण पळणाऱ्या दोघांना या प्रत्येक चुकीचा फायदा मिळतो.

आता अर्धी धाव बघा. फलंदाज सहा मीटर पुढे आला आणि समोरून ‘नाही, नाही, जा!’ ऐकू आलं. थांबायलाच त्याला दीडेक मीटर लागतात. मग वळायचं, आणि साडेसात मीटर परत, तेही शून्यापासून वेग घेत. बेरीज केली तर वेळ पूर्ण धावेपेक्षा कमी लागत नाही, थोडा जास्तच लागतो. शिवाय तो पाय घसरत, पाठमोरा, गोंधळलेल्या अवस्थेत पळत असतो. थोडक्यात, अर्धी धाव पूर्ण धावेइतकीच महाग पडते आणि फळ्यावर शून्य जमा होतं.

१९९२च्या विश्वचषकात ८ मार्चला ब्रिस्बेनला दक्षिण आफ्रिकेच्या जाँटी ऱ्होड्सने पाकिस्तानच्या इंझमामला रनआऊट केलं, ते छायाचित्र तुम्ही पाहिलंच असेल: आडवा झेपावलेला ऱ्होड्स, उखडलेले स्टंप. सगळ्यांना ती झेप आठवते. ती झेप घेण्याची वेळ का आली, हे फारसं कुणी सांगत नाही. इंझमाम ४८ धावांवर होता. चेंडू पॅडला लागून बाजूला गेला, तो धावेसाठी निघाला, आणि समोरून इम्रान खानने त्याला परत पाठवलं. ऱ्होड्सची चपळाई वादातीत आहे, पण मुलांना ही क्लिप दाखवताना मी झेपेच्या आधीचे दोन सेकंद दाखवतो.

म्हणून माझ्या संघात एकच नियम मी हट्टाने पाळायला लावतो. कॉल झाला, समोरच्याने पहिलं पाऊल टाकलं, की त्यानंतर तो कॉल बदलायचा नाही. चुकीचा वाटला तरी नाही. ओठावर आलेला ‘नो’ गिळायचा आणि डोकं खाली घालून पळायचं. एखाद्या वेळी यात विकेट जाईल, जाऊ दे. हंगामाच्या शेवटी हिशेब तुमच्याच बाजूने निघतो.

आता कॉल कोणाचा? पुस्तकी उत्तर सर्वांना पाठ असतं: चेंडू विकेटच्या पुढे गेला तर स्ट्रायकरचा, मागे गेला तर नॉन-स्ट्रायकरचा. ते बरोबरच आहे. अडचण स्क्वेअरच्या, म्हणजे फलंदाजाच्या आडव्या बाजूंच्या, पट्ट्यात येते. पॉइंट, बॅकवर्ड पॉइंट, स्क्वेअर लेग इथे दोघांनाही वाटतं की आपल्याला दिसतंय, किंवा दोघांनाही वाटतं की दुसरा सांगेल. मी हा पट्टा सरळ स्ट्रायकरला देऊन टाकतो. मान न वळवता त्याला चेंडू दिसतोय तोवर कॉल त्याचा. मान मागे वळवावी लागली की कॉल आपोआप नॉन-स्ट्रायकरचा, आणि मग स्ट्रायकरने चेंडूकडे बघायचंच नाही, जोडीदाराकडे बघायचं. फाइन लेगला गेलेल्या ग्लान्सकडे वळून बघणारा फलंदाज तेवढ्यात अर्धा सेकंद घालवतो, आणि समोरचा बिचारा अर्ध्या वाटेवर आलेला असतो.

नॉन-स्ट्रायकरला नकाराचा हक्क आहे का? आहे, पण अगदी आखूड. स्ट्रायकरने ‘यस’ म्हटल्या क्षणी, तो क्रीझमधून पुरता बाहेर पडायच्या आत ‘नो’ आलं तर ते ग्राह्य, आणि स्ट्रायकरने कुरकुर न करता मागे फिरायचं. एक श्वास उशीर झाला तर तो हक्क संपला. हे सामन्याआधी बोलून ठेवावं लागतं, मैदानात ठरवायला वेळ नसतो.

शब्द तीनच ठेवा: ‘यस’, ‘नो’, ‘वेट’. ‘गो’ नको आणि ‘हो’ही नको, कारण बोंबाबोंब चालू असताना वीस मीटरवरून दोन्ही ‘नो’सारखेच ऐकू येतात. ‘वेट’ म्हटल्यावर पुढे ‘यस’ किंवा ‘नो’ यायलाच हवं. नुसतं ‘वेट’ हवेत सोडून देणं फार घातक. आणि ‘रन आहे का?’, ‘येतोस?’, ‘बघ रे’ हे कॉल नाहीत. ती चौकशी झाली. आवाज मोठा हवा, शब्द एकदाच हवा. तीनदा ‘यस यस यस’ ओरडणाऱ्याचा स्वतःवरच विश्वास नसतो आणि ते समोरच्याला कळतं.

डिफेन्सिव्ह खेळल्यावरही ‘नो’ म्हणायचं. सरळ गोलंदाजाकडे चेंडू गेला तरीही. सुरुवातीला वेड्यासारखं वाटतं, पण प्रत्येक चेंडूला कॉल द्यायची सवय असेल तरच गडबडीच्या चेंडूला तोंडातून शब्द फुटतो.

इथे एक अवघड गोष्ट बोलून टाकतो, कारण तुमच्या संघात वयाचं अंतर मोठं आहे. ज्या संघात दादा, काका मंडळी असतात तिथे रनआऊट कोण होतो ते बघा. बहुतेक वेळा धाकटा. काकांनी कॉल दिला की पोरगा मुकाट पळतो. पोराने दिला की काका आधी चेंडू बघतात, मग पोराकडे बघतात, मग हात वर करतात. तोवर पोरगा त्यांच्या क्रीझपाशी आलेला असतो. पोराने ‘नो’ म्हटलेलं तर काकांना रुचतच नाही. यावर उपाय कर्णधारानेच करायचा: सगळ्यांसमोर, विशेषतः त्या दादांसमोर, सांगून टाका की मैदानात कॉल वयाचा नाही, ज्याला चेंडू दिसतो त्याचा. आणि धाकट्या मुलांना वेगळं सांगा की ‘नो’ म्हणताना आवाज चढला तर त्यात उद्धटपणा नाही. माझ्या अनुभवात रनआऊट कमी व्हायला सर्वांत जास्त मदत या बोलण्याने झाली आहे, कुठल्याही ड्रिलपेक्षा जास्त.

नॉन-स्ट्रायकरबद्दल आता जरा तपशिलात, कारण निम्मी धाव त्याच्याकडे असते आणि हौशी संघात तो अंपायरशी गप्पा मारत बॅटवर रेलून उभा असतो.

चांगलं बॅकिंग अप असं दिसतं. गोलंदाज रनअपला निघाला की नॉन-स्ट्रायकर क्रीझच्या थोडा मागे, खेळपट्टीच्या बाहेर, गोलंदाजाच्या विरुद्ध बाजूला असतो. बॅट अशा हातात, की छाती गोलंदाजाकडे राहील, पाठ नाही. गोलंदाज उडी घेतो तसा तो चालायला लागतो, पण बॅटचं टोक क्रीझच्या आत जमिनीला टेकलेलं. डोळे गोलंदाजाच्या हातावर. चेंडू हातातून सुटलेला दिसला की बॅट उचलायची आणि दोन-तीन पावलं पुढे. म्हणजे स्ट्रायकर चेंडू खेळतो त्या क्षणी तो उभा नसतो, चालत असतो. त्या चालत्या पावलांमुळे जी सुरुवात मिळते ती कितीही स्प्रिंट मारून मिळणार नाही.

चेंडू सुटायच्या आत निघालात तर गोलंदाज तुम्हाला रनआऊट करू शकतो आणि ते पूर्णपणे नियमात आहे. १९४७ साली सिडनीच्या कसोटीत विनू मंकड यांनी ऑस्ट्रेलियाच्या बिल ब्राउनला असं बाद केलं तेव्हापासून यावर वाद चालू आहे, पण २०२२ साली हा नियम ‘अनफेअर प्ले’च्या कलमातून काढून सरळ ‘रनआऊट’च्या कलमात घातला गेला. आधी ताकीद द्यायलाच हवी असं नियमात कुठेही नाही. त्यामुळे ‘एकदा सांगायचं तरी’ असं भांडत बसू नका. हातातून चेंडू सुटलेला बघायचा, मग निघायचं, प्रश्नच मिटतो.

आणखी दोन बारकावे. क्रीझची रेषा आपली नसते. बॅट किंवा पाय रेषेच्या मागे टेकलेला हवा. रेषेवर टेकला तर बाहेरच. दुसरं, सरळ मारलेला ड्राइव्ह गोलंदाजाच्या बोटाला किंवा बुटाला लागून आपल्या बाजूच्या स्टंपवर आला तर पुढे गेलेला नॉन-स्ट्रायकर बाद. म्हणून चेंडू सरळ येतोय असं दिसलं की पहिली हालचाल मागे, बॅट आत. धाव नंतर.

चेंडूकडे बघत राहण्याचा रोग दोन्ही टोकांना असतो. १७ जून १९९९, एजबॅस्टन, विश्वचषकाची उपांत्य फेरी. दक्षिण आफ्रिकेची शेवटची जोडी, शेवटच्या षटकात ९ धावा हव्यात. क्लूझनरने पहिल्या दोन चेंडूंना चौकार मारले, दोन्ही संघांच्या २१३ धावा झाल्या. तिसऱ्या चेंडूला त्याचा जोडीदार डोनाल्ड नॉन-स्ट्रायकर टोकाला फार पुढे आला होता, थ्रो चुकला म्हणून वाचला. चौथ्या चेंडूला क्लूझनर मिडऑफकडे मारून सुटला, आणि डोनाल्ड चेंडूकडे बघत क्रीझकडे वळलेला. त्याने जोडीदाराकडे पाहिलं तोवर क्लूझनर त्याच्या शेजारी पोहोचला होता. बॅट हातातून पडली, डोनाल्ड रनआऊट, सामना टाय, आणि ऑस्ट्रेलिया अंतिम फेरीत. मला यात महत्त्वाचं वाटतं ते असं की आधीच्या चेंडूच्या भीतीने डोनाल्ड पुढच्या चेंडूला जागेवरच चिकटला. आणि दोन चेंडूंच्या मधे दोघं एकत्र येऊन ‘आता लागला तर पळायचं की नाही’ एवढं ठरवायला वेळ होता. दबावाच्या षटकात प्रत्येक चेंडूआधी हे बोलणं सक्तीचं करा. वाक्य साधं असतं: ‘बॅटला लागला की पळायचं’, किंवा ‘किपरकडे गेला तरी पळायचं’, किंवा ‘चौकारच, एकेरी नाही’.

दोघं एकाच टोकाला अडकले तर काय? हे हौशी खेळाडूंपैकी फार कमी जणांना माहीत असतं. क्रीझमध्ये जो आधी एकटा होता, ती जागा त्याची. दुसरा नंतर येऊन शेजारी उभा राहिला तरी जागा पहिल्याचीच राहते, आणि दुसऱ्या टोकाचे स्टंप उडाले तर नंतर आलेला बाद. त्यामुळे तुम्ही आत असाल तर आतच राहा. मोठेपणाने बाहेर पडून ‘मी जातो’ म्हणू नका. त्याने कधी कधी सेट झालेला चांगला फलंदाज फुकट जातो. आणि नंतर आलेल्याने तिथे उभं न राहता लगेच उलट पळायचं. थ्रो किती वेळा चुकतो, ते आपण वर बघितलंच.

आता धाव आहे की नाही हे ओळखायचं कसं. इथे बरंच काही मैदानावर अवलंबून आहे. टेनिस चेंडूने, पॅडशिवाय खेळत असाल तर वेग वाढतो आणि लांबून येणारा हलका चेंडू हवेत मंदावतो, त्यामुळे सीमारेषेवरून दोन धावा सहज असतात. सीझन चेंडू आणि वेगवान आउटफील्ड असेल तर उलट. मॅटिंगवर चेंडू पटकन जातो पण मॅटच्या बाहेर खडबडीत जमीन असली की फील्डर बिचकतात. तुमचं मैदान तुम्हालाच माहीत.

तरी काही गोष्टी सगळीकडे लागू पडतात. फील्डर चेंडूकडे येताना त्याचं शरीर कुठे झुकलंय ते बघा. उजव्या हाताने फेकणारा आपल्या डावीकडे पळत चेंडू उचलत असेल तर त्याला थांबून, पाय रोवून, वळून फेकावं लागतं. तिथे धाव आहे. तोच उजवीकडे किंवा सरळ पुढे येत असेल तर विसरा. चेंडू किती जोरात मारलाय यापेक्षा किती हळू मारलाय यात चोरट्या धावा असतात. कव्हरला कडकडीत फटका मारून धाव घेणारे मी बघत आलोय. चेंडू त्यांच्या आधी फील्डरच्या हातात असतो. हात सैल सोडून बॅटखाली टाकलेला चेंडू मात्र फील्डरला पुढे यायला लावतो. आणि पहिली दोन षटकं डोळे उघडे ठेवून बघा: कोणाचा हात डावा आहे, कोण खांद्याखालून फेकतो, कोण पाठीच्या त्रासाने वाकत नाही. डगआऊटमध्ये बसलेल्यांचं हेच काम असावं, मोबाइल बघणं नाही.

‘मिसफील्डवर पळू नये’ असा सल्ला लहानपणापासून ऐकलेला असतो. अर्धा खरा आहे. चेंडू फील्डरच्या हातातून निसटून पायाशीच पडला तर धाव नाही, कारण आपण उशिरा निघतो आणि चेंडू त्याच्या हाताशीच असतो. पण त्याला ओलांडून दहा पावलं मागे गेला तर बिनधास्त पळा. चेंडू आणि फील्डर यांच्यात किती अंतर पडलं ते बघायचं, तो किती घाबरला ते बघायचं नाही.

बायच्या, म्हणजे चेंडू बॅटला न लागता काढायच्या, धावा हौशी संघ जवळपास घेतच नाहीत. किपर मागे उभा असेल आणि चेंडू त्याच्यापर्यंत टप्पे खात जात असेल तर नॉन-स्ट्रायकरच्या कॉलवर एक धाव असते. पण किपर तयार असेल तर नाही. २३ मार्च २०१६ला बंगळुरूत बांगलादेशला शेवटच्या चेंडूवर दोन धावा हव्या होत्या, चेंडू बॅटला लागलाच नाही, आणि एका हातातला ग्लोव्ह आधीच काढून ठेवलेला धोनी पळत येऊन, समोरून धावत येणाऱ्या मुस्तफिझुरच्या आधी स्टंपशी पोहोचला. किपरने ग्लोव्ह काढला असेल तर तो काय विचार करतोय ते दिसतंच की.

दोन धावांचं गणित थोडक्यात. पहिली धाव नेहमी दुसरीसाठी पळायची. पहिली आरामात पळून दुसरीला जीव काढणं हा सर्रास दिसणारा प्रकार. वळताना चेंडू दिसायला हवा. त्यासाठी सोपी युक्ती: पळताना चेंडू ज्या बाजूला असेल, बॅट त्याच्या विरुद्ध हातात घ्या. चेंडू उजवीकडे तर बॅट डाव्या हातात. मग वळताना छाती आपोआप चेंडूकडे राहते. क्रीझच्या आत पाय नेऊन वळू नका. खाली बसून, हात लांब करून, बॅट रेषेपलीकडे टेकवून तिथूनच फिरा. प्रत्येक वळणाला मीटरभरापेक्षा जास्त वाचतं. मात्र बॅट खरोखर टेकली पाहिजे, नाहीतर अंपायर शॉर्ट रन देतो आणि ती धाव गेली. दुसऱ्या धावेचा कॉल बहुधा त्याने द्यावा, जो धोक्याच्या टोकाला पळणार आहे. लांबून थ्रो बहुतेक किपरकडेच येतो, म्हणजे परत तिकडे पळणारा मूळ स्ट्रायकरच.

शेवटी बॅट कशी टाकायची हेही शिकवावं लागतं. क्रीझच्या मीटरभर आधीच बॅट खाली आणून जमिनीवरून सरकवत न्यायची, मूठ दांड्याच्या अगदी टोकाला. वरून आपटली तर ती उसळते. २०१७पासून नियम असा आहे की पळताना किंवा झेप घेताना बॅट एकदा आत टेकली आणि मग त्याच वेगात वर उडाली तर फलंदाज बाद नाही, पण ती एकदा आत टेकलेली हवी. खडबडीत जमिनीवर बॅटचं टोक खड्ड्यात अडकतं आणि दांडा पोटात घुसतो, त्यामुळे बॅट सरळ समोर नको, अंगाच्या बाजूला ठेवायची. तिशी ओलांडलेल्यांनी कडक मैदानावर डाइव्ह मारू नये असं माझं स्पष्ट मत आहे. एका धावेसाठी खांदा घालवण्यात अर्थ नाही.

सरावाचं म्हणाल तर स्प्रिंट बंद करू नका, पण कमी करा. नेटमध्ये कुणी पळत नाही, म्हणून कुणी कॉलही देत नाही, आणि तीच सवय सामन्यात जाते. नेटमध्ये प्रत्येक चेंडूनंतर फलंदाजाने मोठ्याने कॉल द्यायचा हे आजपासून सुरू करा. मागे उभ्या असलेल्याने नुसतं विचारायचं: ‘पॉइंट कुठे होता?’ उत्तर आलं नाही तर तो फील्ड न बघता खेळतोय.

दुसरा खेळ मुलांना फार आवडतो. पाच-सहा फील्डर वर्तुळात, एक किपर, दोन फलंदाज. अंडरआर्म चेंडू, आणि बॅटला लागला की पळायलाच हवं. रनआऊट झालं तर पाच धावा वजा, आणि अर्ध्यातून वळलात तर बाद न होताही पाच वजा. ही दुसरी शिक्षाच खरी महत्त्वाची आहे. जोड्या मुद्दाम बदलत राहा. हळू पळणाऱ्याबरोबर जोरात पळणारा एकत्र आला की जोरात पळणाऱ्याला आपला वेग विसरून जोडीदाराच्या वेगाने विचार करावा लागतो, आणि हे कुणालाच आपोआप येत नाही.

आता रनर. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये २०११पासून रनर बंद आहे, पण क्रिकेटच्या मूळ नियमांत तो अजून आहे, त्यामुळे आधी तुमच्या स्पर्धेचे नियम काय म्हणतात ते बघा. मूळ नियमाप्रमाणे दुखापत त्याच सामन्यात झालेली असावी लागते आणि अंपायरची खात्री पटावी लागते. दादांचा जुना गुडघा त्यात बसत नाही. समजा एखाद्या सामन्यात खरंच दुखापत होऊन रनर मिळालाच, तर दादांनी एक लक्षात ठेवायचं: ते स्ट्राइकवर असताना रनर सुरक्षित असला तरी ते स्वतः क्रीझबाहेर राहिले आणि किपरने बेल्स पाडल्या तर तेच बाद. सवयीने दोन पावलं पळणारे असेच जातात. आणि कॉल रनर व नॉन-स्ट्रायकर यांच्यातच ठेवा, दादांनी गप्प राहायचं. तिघं ओरडायला लागले की संपलंच.

त्यांना रनरशिवाय सलामीला पाठवणार असाल तर जोडीला शांत डोक्याचा, ज्याच्या ‘नो’ला दादा ऐकतात असा फलंदाज द्या, आणि आत जायच्या आधीच दोघांत ठरू द्या: दादांसाठी दुसरी धाव फक्त चेंडू सीमारेषेजवळ गेला तरच, आणि तिचा कॉल दादांचा.